खुबा मोडल्यावर मला काय हवं होतं

आमच्या औसा तालुक्यात म्हातारं माणूस पडलं आणि खुबा मोडला की भेटायला येणारी माणसं दारातच आवाज उतरवतात. "आता काय, वयच झालंय," असं घरच्यांना बाजूला घेऊन सांगतात. पलंगावरच्या माणसाला ते सगळं ऐकू येत असतं. मलाही आलं. "खुबा मोडलेलं म्हातारं उठत नसतंय" हे वाक्य मी लहानपणापासून दुसऱ्यांविषयी ऐकत आले होते, आता ते माझ्याविषयी चाललं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. बहात्तरावं वर्ष चालू, घरी मुलगा, सून, दोन नातवंडं आणि कोरडवाहू शेती. श्रावणात न्हाणीच्या ओल्या शहाबादी फरशीवर पाय सरकला आणि उजव्या अंगावर पडले. पाय बाहेरच्या बाजूला वळला होता, डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. मुलानं जीप बोलावली आणि लातूरला नेलं. पडण्याची गोष्ट एवढीच. मला लिहायचंय ते पुढच्या महिन्यांविषयी. चालायला शिकवणाऱ्याच्या मनात एक असतं आणि शिकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात दुसरंच, हे त्या महिन्यांत मला फार जवळून दिसलं.

आधी ऑपरेशनविषयी, कारण पुढचे सगळे नियम त्यावर अवलंबून असतात आणि बहुतेक घरांत ते कुणी नीट समजून घेत नाही. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो आणि गोळ्याखाली मान. मान मोडली की गोळ्याला जाणारं रक्त तुटू शकतं, मग हाड जुळेल याची खात्री राहत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा गोळाच बदलतात. मोड मानेच्या खाली असेल तर तिथं रक्त चांगलं असतं, आतून रॉड घालून हाड जुळू देतात. माझा गोळा बदलला. शेजारच्या खाटेवर निलंग्याकडच्या एक आजी होत्या, त्यांना रॉड घातला होता. दोघींनाही लोक "खुब्याचं ऑपरेशन" म्हणत होते. पण मला मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवायची, अशी सक्त ताकीद होती. नवा गोळा खोबणीतून निसटू नये म्हणून. त्यांचे नियम निराळे होते. त्यांच्या सुनेनं माझ्या उशा पाहून त्यांनाही तशाच उशा लावल्या, तेव्हा सिस्टरनं समजावून सांगितलं. कागदावर ऑपरेशनचं नाव काय लिहिलंय आणि त्याचा माझ्या बसण्या-उठण्याशी काय संबंध, हे प्रत्येकानं डॉक्टरांना विचारून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशन लवकर झालं. शक्यतो दोन दिवसांच्या आत करतात, कारण पडून राहिलं की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन एक मुलगा आला आणि मला उभं केलं. "वजन टाका आजी, घाबरू नका, आतला गोळा पक्का आहे." मी वजन टाकलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, पण उभी राहिले. श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. पडल्या पडल्या घोटे वर-खाली करायचे, गुडघा गादीत दाबून धरायचा, टाच सरकवत पाय जवळ घ्यायचा. मी सगळं करत होते. कॉरिडॉरमधली माझी पावलं रोज वाढत होती आणि तो मुलगा ती वहीत लिहीत होता.

पण संडासला बेडपॅन.

हे मी मुद्दाम उघड लिहिते, कारण बायका हे बोलत नाहीत. पडदा अर्धाच सरकतो. मावशी दुसरीकडं गुंतलेली असते. सून बेडपॅन धरते आणि तिच्याकडं बघवत नाही. वॉर्डातल्या निम्म्या बायका पाणीच पीत नव्हत्या. "पाणी पिलं की पुन्हा मागावं लागतंय," निलंग्याच्या आजी म्हणायच्या. त्यातून लघवीची जळजळ, दुखण्याच्या गोळ्यांनी आधीच बद्धकोष्ठ, त्यात पाणी नाही. सिस्टर पाणी प्या म्हणून ओरडायच्या. पाणी न पिण्यामागं काय आहे हे त्यांना ठाऊक असणारच, पण त्यावरचा उपाय कुणाच्या कामात बसत नव्हता. कॉरिडॉर चालू शकणाऱ्या बाईला वीस फुटांवरच्या संडासापर्यंत नेऊन बसवायला, उठवायला शिकवणं, ही माझ्या दृष्टीनं पहिली फिजिओथेरपी होती. ती त्या रुग्णालयात मिळाली नाही.

पुरुषांच्या बाजूला एक म्हातारबाबा होते. ऑपरेशनच्या रात्री ते "बैलं सुटली, बैलं सुटली" म्हणून उठायला लागले, सलाईन ओढून काढलं. घरचे हबकले, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा आणा. डॉक्टरांनी सांगितलं की या वयात ऑपरेशननंतर असा भ्रम पुष्कळांना होतो, बहुतेकांचा उतरतो. बांधून ठेवू नका, चष्मा लावा, ऐकायचं मशीन लावा, घरचं ओळखीचं माणूस जवळ बसू द्या, दिवसा खिडकी उघडी ठेवा. त्यांची नात रात्रभर हात धरून बसली आणि त्यांना सांगत राहिली, "आबा, बैलं दावणीलाच हायती." दोन-तीन दिवसांत ते माणसात आले. त्यांना काय हवं होतं, तर कुणी आपल्याला वेडा समजू नये. बरे झाल्यावर ते ज्याला त्याला विचारायचे, "मी काय बोललो रं त्या राती?"

घरी सोडण्याआधी मी डॉक्टरांना विचारलं, "पूर्वीसारखी चालेन का?" ते म्हणाले, "सगळं छान होईल, काळजी करू नका." मी म्हणाले, "डॉक्टर, मी शाळेत गणित शिकवलंय, मला आकडा सांगा." मग ते खुर्ची ओढून बसले. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण २० ते ३० टक्के वर्षभरात जातात. जे राहतात त्यांतले जवळपास निम्मे पूर्वीइतके चालायला लागतात, बाकीच्यांना काठी, वॉकर किंवा माणूस लागतो. सुधारणा सगळ्यात जास्त पहिल्या सहा महिन्यांत होते, नंतरही वर्षभर थोडी थोडी होत राहते. सून शेजारी उभी होती, तिचा चेहरा उतरला. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं. सहा महिने म्हणजे मला कामाला लागायला मुदत मिळाली. खरं सांगितलं तर म्हातारं माणूस खचेल ही समजूत खोटी आहे. न सांगितल्यानं आम्ही जास्त खचतो. मग दुखलं की वाटतं ऑपरेशन बिघडलं, नाही दुखलं तर वाटतं पाय मेला.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. आमचं घर जुनं, ढाळज, दोन पायऱ्या, दगडी उंबरा, मागं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला बैठा संडास. वॉकरचे पाय मुरमात रुततात. रुग्णालयातल्या गुळगुळीत फरशीवर कमावलेली सगळी पावलं अंगणात उपयोगाची राहिली नाहीत. तेव्हा औशाला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी बसत होती, नांदेडकडची. मुलगा मला तिच्याकडं घेऊन गेला. तिनं फाईल पाहिली, पाय हलवून पाहिला आणि मग विचारलं, "आजी, तुम्हाला सगळ्यात आधी काय करता यायला पाहिजे?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी केला नव्हता. मी म्हणाले, "मला माझी मी परसाकडं जाता आलं पाहिजे. कुणाला हाक न मारता."

ती हसली नाही. मुलाला म्हणाली, "दादा, संडासाचा फोटो आणा, दाराची रुंदी मोजून आणा, पायरीची उंची मोजून आणा." दार वॉकरपेक्षा अरुंद निघालं. ते आत उघडत होतं. आत कुणी पडलं तर बाहेरून दार उघडणार नाही, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. गवंडी लावून दार बाहेर उघडणारं केलं, कमोड बसवला, भिंतीला दोन दांड्या ठोकल्या, अंगणात फरशीची पट्टी टाकली आणि रात्रीसाठी बल्ब लावला. तोपर्यंत पलंगाजवळ कमोडची खुर्ची. आणि व्यायामही तिनं तेवढ्याच कामाला जोडला. खुर्चीवरून हात टेकून उठायचं, बसायचं. मग एकच हात टेकून. मग हात छातीशी धरून. खुर्ची उंच हवी म्हणून चारी पायांखाली लाकडी ठोकळे होते, मला जमेल तसे ते ती बदलून बुटके करायची. ओट्याला धरून उभं राहायचं आणि दुखरा पाय बाजूला उचलायचा. कुल्ल्याचा तो स्नायू सुधारला नाही तर माणूस लंगडत राहतं, हे तिनं मला स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवलं. दुखण्याची गोळी व्यायामाच्या तासभर आधी घ्यायची. पायरीचा नियम मी नातीला पाढ्यासारखा म्हणायला लावला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठीवर आले तेव्हा कळलं की काठी दुखऱ्या बाजूला धरायची नसते, दुसऱ्या हातात धरायची असते. गावात बघाल तर दहांतले निम्मे उलट धरतात.

ज्या पहाटे मी एकटी उठून जाऊन आले आणि घरात कुणाला कळलंही नाही, त्या दिवशी मी चहाबरोबर दोन पेले पाणी पिले.

तिच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून मी बाकीच्यांना विचारायला लागले, तुम्हाला काय हवंय? शिक्षिकेची सवय. एका शेतकरी आबांना मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून आठवडी बाजाराला जायचं होतं. चालणं त्यांना महत्त्वाचं वाटतच नव्हतं. पाय पलीकडं टाकता यायला पाहिजे, एवढंच. एक चाचा नमाजाला गुडघे टेकता येत नाहीत म्हणून कष्टी होते. खुर्चीवर बसून नमाज होते हे त्यांना ठाऊक होतं, मौलवींनीही सांगितलं होतं, पण सगळ्यांच्या ओळीत उभं राहायचं होतं. एका बाईला तुळजापूरला देवळाच्या पायऱ्या उतरून कल्लोळ तीर्थापर्यंत जायचं होतं. त्यांची ओटी राहिली होती. आणि एक बाई म्हणाल्या, "मला चुलीपुढं बसून भाकरी थापायचीय. सुनेच्या भाकरीला पापुद्रा येत नाही." त्यांचाही गोळा बदललेला, खाली बसायची मनाई. त्या मुलीनं त्यांना सांगितलं, ओट्याजवळ उंच स्टूल ठेवा, गॅसवर तवा टाका, परात ओट्यावर घ्या. त्यांनी करून पाहिलं. पुढच्या वेळी आल्या तेव्हा म्हणाल्या, "जमतंय, पण चुलीची चव नाही." चेहरा मात्र खुलला होता. घरात आपल्या हातची एक तरी गोष्ट लागते, ती परत आली होती.

गुडघा किती अंश वाकतो, किती मीटर चाललं, हे मोजणं चुकीचं नाही. त्या मुलीनंही मोजलं. पण बाकड्यावरच्या एकाही माणसानं मला अंश सांगितले नाहीत. प्रत्येकानं एक जागा सांगितली किंवा एक काम सांगितलं.

आता घरच्यांविषयी. माझी सून मला "आत्या" म्हणते, लेकीसारखी करते. तिचा जीव घाबरलेला. मी हललं की, "आत्या, कशाला उठायलाव? मला हाक मारा की." नणंदबाई आल्या की, "बस गं, पडशील पुन्हा." भीती मलाही होती. कडेला भिंत नसली की पाऊल उचलत नव्हतं, रात्री झोपेतही पाय सरकल्याचा भास व्हायचा. पण प्रेमानं बसवून ठेवलेलं माणूसही पडूनच राहतं, आणि पडून राहिलेल्या माणसाच्या मांड्या बघता बघता वाळतात. फिजिओ मुलीनं एक दिवस सुनेलाच बोलावलं. मला कुठं धरायचं, कुठं धरायचं नाही, मी तोल सावरत असताना हात पुढं करून फक्त उभं कसं राहायचं, हे तिच्याकडून करून घेतलं. मी पडलेच तर मला उचलायला धावायचं नाही, खुर्ची जवळ आणून मला माझं कसं उठवायचं, तेही दाखवलं. त्या दिवसानंतर घरातलं "बसा" कमी झालं. घरच्या माणसांना शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे. आमच्याकडं नर्स ठेवायची ऐपत आणि चाल दोन्ही नाही, जे काय आहे ते सुनांवर आणि लेकींवर आहे.

आणि त्यांना शेत असतं. ऐन माझ्या गरजेच्या वेळी सोयाबीन काढायला आलं. मजूर मिळेना, आभाळ भरून येत होतं, घरातलं सगळं माणूस रानात. दिवसभर मी एकटी. शेजारची कॉलेजातली पोरगी दुपारी येऊन बसायची, तिच्यासमोर मी व्यायाम करायची. गावात आशाताई येतात, गरोदर बायकांची, लेकरांची नोंद ठेवतात. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांकडं बघायला कुणी आलेलं मी पाहिलं नाही. निलंग्याच्या आजींचं ऑपरेशन आयुष्मान कार्डावर झालं; ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार त्यात मिळतो. मोठीच सोय आहे. पण घरी सोडल्यानंतरचा खर्च त्यात १५ दिवसांपुरता धरलाय, आणि चालायला शिकायला महिने लागतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीच्या पुढच्या कमी उत्पन्नाच्या माणसांना काठी, वॉकर, कमोड खुर्चीसाठी एकदा ३,००० रुपये खात्यावर मिळतात. वॉकर मिळतो, तो अंगणात कसा चालवायचा हे शिकवणारं माणूस मिळत नाही. निलंग्याच्या आजींना मी फोन करते. त्या अजून घराच्या आतच आहेत. त्यांच्या गावातून फिजिओकडं जायचं तर जीपचं भाडं, मुलाचा रोज बुडतो, म्हणून दोनदा जाऊन थांबल्या. त्यांना काय हवंय असं विचारलं तर म्हणतात, "कुणी घरला येऊन दावलं असतं तर केलं असतं की माय."

हाड का मोडलं, हे मला घरी आल्यावर बऱ्याच उशिरा कळलं, तेही विचारलं म्हणून. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडतो याचा अर्थ हाडं ठिसूळ झालेली असतात. त्यावर औषध आहे, वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, त्याआधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम बघावं लागतं, दाताचं काही काम असेल तर आधी उरकावं लागतं. रुग्णालयाच्या कागदावर यातलं काही लिहिलेलं नव्हतं. एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसराही मोडू शकतो, म्हणून हा प्रश्न टाके काढायला जाल तेव्हाच विचारा. मी मोतीबिंदूही काढून घेतला, झोपेची गोळी बंद करवून घेतली. जेवणात डाळ, दही, अंडं वाढवलं. अंडं पहिल्यांदा खाल्लं ते या वयात, औषध म्हणून.

माझी स्वतःची जागा कोणती, तर रान. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, आमच्या लातूर-धाराशिवकडं घरंच्या घरं रानात जातात. कडब्याची कोप म्हणजे खोपट करतात, पूजेला पांडव मांडतात, भज्जी, उंडे, आंबील. लग्न होऊन आल्यापासून माझी एकही येळवस चुकली नव्हती. दसरा झाल्यावर मी त्या मुलीला सांगितलं. तिनं तारीख पाहिली, म्हणाली, "मग आता फरशीवरचं चालणं बास." अंगणात वीट आडवी टाकून ओलांडायला लावली, मग ढेकळांच्या जागी पोत्यांवर चालवलं, मग घरामागच्या परड्यात मऊ मातीत. काठीच्या टोकाला रुंद रबर लावलं. येळवशीला जीप बांधापर्यंत गेली. तिथून कोपीपर्यंत काळ्या रानातून मी काठीनं गेले, मुलगा एक हात अंतर ठेवून. खाली बसता येत नाही म्हणून खुर्ची नेली होती. पूजा सुनेनं केली, मी खुर्चीवरून सांगत होते. भज्जी ताटात खाली न बसता खाल्ली, त्याचं मला काहीही वाटलं नाही. आंबीलही दोनदा घेतली.

सध्या एसटीच्या पायरीवर काम चालू आहे. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी झाली की पूर्ण फुकट, पण पहिली पायरी माझ्या गुडघ्यापर्यंत येते आणि ड्रायव्हर थांबत नाहीत. जोपर्यंत ती चढता येत नाही तोपर्यंत लातूरला बहिणीकडं जायला मला मुलाची सुट्टी बघावी लागते. दवाखान्यात लाकडी खोकी एकावर एक ठेवून तेवढी उंची केलीय, बाजूला दांडी आहे. डावा पाय वर जातो, उजवा मागून ओढून घेता येतो. उतरताना अजून हात सुटत नाही. बाजारवाल्या आबांनी खोकी धरून ठेवायचं काम स्वतःकडं घेतलंय, आणि मोटारसायकलवर पाय टाकायचा सराव ते त्याच खोक्यांवरून करतात.